जुनं स्कोप माउंट घेताय? आधी धक्का कुठं जातो ते बघा

मोठ्या रिव्हॉल्वरवर स्कोप लावायचा म्हटलं की नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, "स्कोप कुठला घेऊ?" मी इथं ओहायोत राहतो, हरणाच्या सीझनला रिव्हॉल्वर घेऊन जातो, आणि जुन्या माउंटांचा मला मनापासून नाद आहे, म्हणून ओळखीतले लोक मलाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. स्कोप नंतर, आधी माउंट, म्हणजे बंदुकीला बसणारा बेस आणि त्यावर स्कोपला वेढून धरणाऱ्या रिंगा. आणि माउंट बघताना पण नाव, पॉलिश, जुनी पेटी हे सगळं नंतर, आधी एकच गोष्ट बघायची की बार उडाल्यावर बसणारा धक्का त्या माउंटमध्ये नेमका कशावर जातो, स्क्रूवर की पोलादाच्या भिंतीवर.

हे मी पदरमोड करून शिकलोय. माझी पहिली मोठी रिव्हॉल्वर म्हणजे सेकंडहँड रुगर सुपर ब्लॅकहॉक, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी. एका गन शोमध्ये टेबलावर तिच्यासाठी अल्युमिनियमचं जुनं माउंट मिळालं, मागची साइट (नेम धरायची खाच) काढून तिच्या जागी बसणारं, हलकं, दिसायला छान, नाव काहीच नाही त्यावर. पहिले वीस-पंचवीस बार मस्त गेले, मग गोळ्या कागदावर कुठंही पडायला लागल्या. मला वाटलं माझाच हात हलतोय. घरी येऊन स्कोप धरून हलवला तर अख्खं माउंट हललं, एक स्क्रू डोक्याखाली कातरला गेला होता आणि त्याचा उरलेला तुकडा फ्रेमच्या आट्यात अडकून बसला होता. गनस्मिथनं तो काढून दिला पण माउंटच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्यातच गेले. आमचं घर कोल्हापूरचं, वडिलांचं उद्यमनगरात लेथ होतं, फोनवर त्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की अरे स्क्रू दाबून धरायला असतो, आडवा मार खायला नसतो. या सगळ्या लेखाचा पाया तेच वाक्य आहे.

आता धक्का म्हणजे किती ते एकदा आकड्यात बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण १,४०० फुटांनी निघते, रिव्हॉल्वर स्कोपसकट साडेतीन पौंडांची धरा, तर ती मागं सेकंदाला १७ फुटांच्या आसपास वेगानं येते. हा वेग ती पकडते कधी, तर गोळी नळीत असते तेवढ्यात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग धरून चाला. एवढ्या झटक्यात अर्धा पौंड वजनाच्या स्कोपला बंदुकीबरोबर मागं ओढायला ढोबळमानानं अडीचशे पौंडांचा जोर लागतो. किलोत सांगायचं तर क्विंटलभर! तो क्विंटलभर जोर दर बाराला तुमच्या माउंटवर येतो, आणि स्कोप पाऊण-एक पौंडाचा असला तर दीड-दोन क्विंटल. .४५४ कॅसुलची तर गोष्टच वेगळी, ३०० ग्रेनची गोळी १,६०० फुटांनी सोडली तर रिकॉइलची एनर्जी .४४ च्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणून रायफलवर वीस वर्षं न हललेलं माउंट रिव्हॉल्वरवर दोन बॉक्स गोळ्यांत ढिलं होतं, रायफल सात-आठ पौंडांची असते, ती हळू मागं येते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्कोप हलका घ्या. जुने दोन पॉवरचे, म्हणजे कायम दोनपटच मोठं दाखवणारे, फिक्स्ड पिस्तूल स्कोप, ल्युपोल्डचा एम-८ दोन एक्स किंवा बरिसचा दोन एक्स, आजही माझ्या मते मोठ्या रिव्हॉल्वरवर सगळ्यात शहाणपणाचा माल आहे. लांबुळके, बारीक, हलके. दोन, बार उडताना बंदूक मागं पळते आणि स्कोप जागेवर राहायला बघतो, म्हणजे बंदुकीच्या हिशोबानं स्कोप पुढं सरकायला बघतो. ही दिशा डोक्यात पक्की करा, पुढं रिंग बसवताना लागणार आहे.

पहिली पायरी, माउंट शोधायच्या आधी स्वतःची रिव्हॉल्वर ओळखा. नुसतं "स्मिथची ४४ आहे" म्हणून चालत नाही. .४४ मॅग्नम बाजारात आली १९५५ च्या शेवटी, आणि स्मिथ अँड वेसननं मॉडेलला नंबर द्यायला सुरुवात केली १९५७ मध्ये. त्याच्या आधीची ४४ जर तुमच्या हातात असेल, किंवा सुरुवातीची मॉडेल २९ मूळ फिनिशमध्ये असेल, तर कृपा करून तिला ड्रिल लावू नका. एका भोकानं तिची कलेक्टर किंमत धाडकन खाली येते आणि ते भोक परत बुजवता येत नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, एवढ्या निगुतीनं केलेलं काम आणि वर कुणीतरी गॅरेजमध्ये वाकडी भोकं पाडलेली. अशा बंदुकीला स्कोप लावूच नका, दुसरी घ्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून स्मिथच्या मोठ्या फ्रेमवर मागच्या साइटखाली कारखान्यातूनच आटे पाडलेली भोकं येतात, साइट उचलली की दिसतात. ती असतील तर अर्धं काम झालं.

रुगरचं बघायचं तर सुपर ब्लॅकहॉक १९५९ ची, रेडहॉक १९७९ ची आणि सुपर रेडहॉक १९८७ ची. सुपर रेडहॉकची फ्रेम पुढं नळीवर लांब वाढवलेली आहे आणि त्या फ्रेममध्येच रिंगसाठी अर्धगोल खाचा कापलेल्या आहेत, रिंगच्या पोटाचा उंचवटा थेट त्या खाचेत बसतो. मध्ये बेस नाही, बेसचे स्क्रू नाहीत, धक्का सरळ फ्रेमच्या पोलादात जातो. नवीन माणसानं मला विचारलं की कमी डोकेदुखी कशात, तर मी डोळे मिटून जुनी सुपर रेडहॉक आणि तिच्या मूळ रिंगा असं सांगतो. रेडहॉक आणि सुपर ब्लॅकहॉकच्या हंटर नावाच्या मॉडेलांत नळीवरच्या पट्टीला तशाच खाचा आहेत. फक्त रुगरच्या जुन्या रिंगा सुट्या घेताना रिंगवरचा नंबर बघून घ्या, कारण त्यांच्या एम-७७ रायफलच्या पुढच्या-मागच्या रिंगांची उंची वेगळी असते, आणि डब्यात दोन रिंगा एकत्र दिसल्या म्हणजे ती जोडी आहेच असं नाही.

डॅन वेसन असेल तर तिच्यात अजून एक सोय आहे, नळी आणि नळीवरचं बाहेरचं कवच दोन्ही निघतात. म्हणजे भोकं पाडायचीच असतील तर एक जास्तीचं कवच घेऊन त्यात पाडा, मूळचं कवच कापडात गुंडाळून कपाटात ठेवा.

सुपर ब्लॅकहॉकवाल्यांना एक जाता जाता पण महत्त्वाचं सांगतो. १९७३ च्या आधीची तीन स्क्रूवाली जुनी ब्लॅकहॉक असेल आणि तिच्यात कारखान्याचा सेफ्टी बदल केलेला नसेल, तर घोड्याखालचं (हॅमरखालचं) घर कायम रिकामं ठेवायचं, पाचच गोळ्या भरायच्या. स्कोप लावल्यावर बंदूक वरून जड होते, हातातून सटकायची शक्यता वाढते.

आता माउंटांचे प्रकार. इथं जरा वेळ घेतो कारण खरी गंमत इथंच आहे.

सगळ्यात जास्त दिसणार ते वीव्हर. टेक्सासमधल्या एल पासोची ही कंपनी १९३० पासूनची, त्यांची ती आडव्या खाचेची पट्टी आणि वरून पोलादी पट्टा आवळणारी रिंग जगभर झाली. बेसवर नंबर छापलेला असतो, नंबरावरून कुठल्या बंदुकीचा ते कळतं. वीव्हरमध्ये धक्का कशावर जातो? रिंगचा आडवा बोल्ट खाचेत बसतो, त्याच्यावर. चांगली कल्पना आहे पण जुन्या रिंगांमध्ये हा बोल्ट गोल असतो आणि खाच चौकोनी, त्यामुळे टेकायला जागा थोडी मिळते आणि बेस अल्युमिनियमचा असेल तर खाचेची पुढची धार हळूहळू दबते. सेकंडहँड वीव्हर बेस घेताना नखानं खाचेची पुढची भिंत चाचपून बघा, दबलेली, चकाकलेली वाटली तर परत ठेवा. आणि अजून एक, जुन्या वीव्हर रिंगचे स्क्रू एकाच बाजूला असतात, आवळताना स्कोप फिरतो आणि क्रॉसहेअर वाकडी होते, म्हणून आधी उलट्या बाजूला किंचित कलती ठेवून मग आवळावं लागतं, दोन-तीन वेळा केलं की हात बसतो.

बरेच जण वीव्हर आणि पिकॅटिनी या दोन पट्ट्या एकच समजतात. पिकॅटिनीचं मिलिटरी स्टँडर्ड १९९५ चं, तिची खाच ०.२०६ इंच रुंद आणि वीव्हरची ०.१८०. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते पण थोडी खेळ ठेवून, पिकॅटिनीची रिंग जुन्या वीव्हर बेसमध्ये बसतच नाही. कुणी कानशीनं घासून बसवलेली असली तर लांबूनच नमस्कार करा.

दुसरा प्रकार रेडफिल्ड-ल्युपोल्ड पद्धतीचा, पुढची रिंग फिरवून डव्हटेलमध्ये (तोंडाशी अरुंद, आत रुंद अशा खाचेत) बसते आणि मागची रिंग दोन बाजूच्या दोन मोठ्या स्क्रूंच्या मध्ये धरलेली असते, त्यानं डावं-उजवं ॲडजस्ट करता येतं. रायफलवर फार सुंदर चीज आहे. मोठ्या रिव्हॉल्वरवर मला पटत नाही. मागच्या रिंगेला पुढं सरकण्यापासून थांबवणारं ठोस काही नाही, सगळा भार पुढच्या डव्हटेलवर, आणि ते बाजूचे स्क्रू धक्क्यानं सैल होतात. .३५७ पर्यंत ठीक, .४४ ला मी लावणार नाही. ल्युपोल्डचीच दोन्हीकडे डव्हटेल असलेली रचना आहे, ती मात्र दमदार.

कॅलिफोर्नियातल्या ब्यूलरचे पोलादी वन-पीस माउंट आणि टेक्सासमधल्या सेगिनच्या कोनेट्रोलचे माउंट हे खरे जुन्या काळचे दागिने. कोनेट्रोलच्या रिंगांवर बाहेरून स्क्रू दिसतच नाहीत, इतकं सफाईदार काम, आणि हँडगनसाठी त्यांचे तीन रिंगांचे बेस होते. मिळाले तर घ्या पण सगळे भाग आहेत का ते मोजून घ्या, एखादी कॅप हरवली तर ती शोधण्यात वर्ष जाईल.

फोर्ट वर्थच्या बी-स्क्वेअरनं ड्रिल न करता बसणारे माउंट पुष्कळ बनवले. बंदुकीला भोक पाडायचं नाही आणि हलक्या गोळ्या मारायच्या आहेत अशांना ते बरे. पण बहुतेक अल्युमिनियमचे आणि बराचसा जोर क्लॅम्पच्या घट्टपणावर, त्यामुळे फुल पॉवरच्या ४४ ला दर वेळी तपासत राहावं लागतं.

आणि मग येतो टी-सॉब. एसएसके इंडस्ट्रीज या ओहायोतल्याच कंपनीचा, जे. डी. जोन्स यांचा. हा माणूस हँडगन शिकारीतला मोठा अधिकारी, आणि माउंट पण तशाच विचाराचं, जाड लांब पट्टी, बऱ्याच आडव्या खाचा, तीन किंवा चार रिंगा लावायच्या. दोनऐवजी चार रिंगा म्हणजे प्रत्येक खाचेवर भार निम्मा. दिसायला रांगडं आहे, कोनेट्रोलशेजारी ठेवलं तर बैलगाडीचं जू वाटेल, पण .४५४ किंवा त्याच्या वरचं काही मारायचं असेल तर जुन्या मालात मी दुसरं काही शोधणारच नाही. हे बसवायला मात्र गनस्मिथ लागतो.

काय टाळायचं ते पण सांगतो. ३/८ इंची खाचेला चिमटा घेणाऱ्या छोट्या टिप-ऑफ रिंगा .२२ साठी असतात, स्वस्त मिळतात म्हणून मोठ्या बंदुकीवर लावू नका. आणि बुशनेल फँटमसारखे जुने पिस्तूल स्कोप, थॉम्प्सन-सेंटरचा लोबो, यांची बसायची पद्धत स्वतःची वेगळी आहे, साध्या रिंगांच्या भरवशावर ते विकत घेऊ नका.

घेताना हातात काय करायचं? बेस उलटा करा. खालची बाजू बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ऑनलाइन असेल तर विकणाऱ्याकडून उलट्या बाजूचा फोटो मागवायचा. भोकं गोल आहेत की लांबट झालीत, लांबट म्हणजे माउंट सरकत होतं. काचेवर ठेवून बघा, डुगडुगतं का. व्हर्नियरनं दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि तुमच्या बंदुकीशी ताडा. रिंगचा आतला व्यास मोजा, अमेरिकन जुन्या रिंगा बहुतेक १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पण ७/८ इंची पण सापडतात आणि जुन्या जर्मन २६ मिलिमीटरच्या असतात, त्यात एक इंची स्कोप कितीही आवळला तरी धरत नाही. जुने स्क्रू बरोबर आले तरी वापरू नका, नमुना म्हणून ठेवा आणि नवीन घ्या. चपट्या खाचेचे असतील तर टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) मिळतात का बघा.

भोकं पाडायची वेळ आलीच तर स्क्रूचा साइज तुम्ही ठरवा. सवयीनं ६-४८ वापरतात, म्हणजे ०.१३८ इंच जाडीचा. ८-४० चा स्क्रू ०.१६४ इंचाचा, कातरायला सुमारे ४० टक्के जास्त जोर लागतो. मोठ्या कॅलिबरला गनस्मिथकडून ८-४० मागून घ्या. नळीवर भोक पाडताना ते किती खोल जातंय हा जिवाशी खेळ आहे, म्हणून हे काम घरी करू नका, मी लेथवाल्याचा मुलगा असून घरी करत नाही.

बसवायला घेताना सिलिंडर उघडून रिकामं बघा, परत बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मागची साइट काढताना तिच्या स्प्रिंगा, पिना छोट्या पुडीत घालून त्यावर नाव लिहा. भोकं आणि स्क्रू ॲसिटोननं पुसून तेल पार काढा, बेसची खालची बाजू पण, कारण बेस आणि फ्रेममधली पकड तेलानं जाते. स्क्रूवर निळं लॉकटाइट, २४२, एक थेंब. लाल लावू नका, ते नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. सगळे स्क्रू आधी हलके टेकवा मग आळीपाळीनं आवळा, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानं आवळणारा) असेल तर रिंगच्या वरच्या स्क्रूंना १५ ते २० इंच-पौंड पुरतात, त्याच्या वर गेलात तर जुन्या स्कोपची नळी चेपते.

आता ती दिशा आठवा. रिंग खाचेत ठेवल्यावर आडवा बोल्ट आवळायच्या आधी रिंग नळीच्या तोंडाकडे, म्हणजे पुढं ढकला, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकू द्या, आणि तशी धरूनच आवळा. सगळ्या रिंगा. मध्ये फट राहिली तर पहिल्या बाराला स्कोप ती फट धावत पार करतो आणि हातोड्यासारखा आदळतो. एवढ्या एका गोष्टीनं निम्म्या लोकांची तक्रार मिटेल असं मला वाटतं.

स्कोप ठेवताना मागचं टोक घोड्याच्या आड येत नाही ना ते घोडा मागं ओढून बघा, जागा कमी पडत असेल तर घोड्याला बाजूनं लावायचा छोटा स्पर मिळतो. पुढची काच नळीच्या तोंडाच्या पुढं जाता कामा नये, नाहीतर दारूची काजळी आणि गरम वायू काचेवर बसतात. आणि रायफलचा स्कोप लावून बघायचा मोह कुणाला झाला तर, त्याचा आय रिलीफ, म्हणजे डोळा स्कोपपासून जितका लांब ठेवायचा ते अंतर, तीन-चार इंचांचा असतो, हात लांब करून काही दिसत नाही आणि डोळा जवळ नेला तर भुवई फुटते. पिस्तूल स्कोपला बारा ते चोवीस इंचांपर्यंत चालतं.

जुना स्कोप बसवायच्या आधी कोमट पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर आतला नायट्रोजन गेलाय, थंडीत धुकं धरणार.

कायद्याचं पण थोडं, कारण इथं आपले बरेच जण एच-१बी वर असतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत फेडरल कायद्यानं बंदूक जवळ ठेवता येत नाही, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे, तेव्हा ते काढल्याशिवाय रेंजवर मित्राची सुद्धा हातात घेऊ नका. आणि भारतात सुट्टीला जाताना कुणासाठी माउंट किंवा स्कोप बॅगेत टाकून नेऊ नका, शस्त्राच्या सुट्या भागांचे नियम दोन्हीकडे कडक आहेत. तिकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंदच आहे.

रेंजवर पहिल्या दिवशी पूर्ण पॉवरच्या गोळ्या नेऊ नका. हलक्या लोडनं २५ यार्डांवर कागदावर आणा, मग खऱ्या गोळ्या, मग ५० यार्ड. त्याच्या आधी घरीच प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, आणि रिंगच्या पुढच्या कडेला लागून स्कोपच्या नळीवर पण एक. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला, रिंग आणि रेघेत फट दिसली म्हणजे स्कोप सरकला. मी दर सहा बारांनी, सिलिंडर रिकामं केलं की, रेघा बघतो. पन्नास बार झाले आणि रेघा जागच्या जागी असल्या तर मग मी ते माउंट जंगलात घेऊन जातो.